मीठ जातं कुठं?

उन्हाच्या जोरावर खारं पाणी गोडं करता येतं. पण पाण्यातून काढलेलं मीठ ठेवायचं कुठं, असं माझ्या वहिनीनं विचारलं आणि सगळी बैठक गप्प झाली...

माहेराहून लेकी काय काय आणतात! कुरडया, पापड, शेवया, लोणच्याची बरणी. गेल्या उन्हाळ्यात मी माहेराहून आणलं खारं पाणी! वीस-वीस लिटरचे दोन कॅन. भावाच्या पिकअपमधून ते उतरवताना शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. ‘‘काय गं, माहेरचं तूप का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो काकू, बोअरचं पाणी.’’ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की विचारू नका.

त्याचं असं झालं. माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याच्या पट्ट्यात. चारी बाजूंनी ऊस. लग्नानंतर मी सांगायचे की आमच्याकडे पाण्याला तोटा नाही, तर सासरच्यांना त्याचं कौतुक वाटायचं. पाण्याला तोटा नाही हे खरंच आहे. फक्त ते पाणी तोंडात धरवत नाही.

मे महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. पाहुण्यांचा चहा वहिनीनं जारच्या पाण्यात केला. बोअरच्या पाण्यात चहा केला की दूध नासतं, हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. दुपारी पाहुणे पांगले. आम्ही दोघी ओट्याला टेकून बसलो, तर वहिनीनं आपल्या पेल्यात बोअरचंच पाणी ओतून घेतलं.

‘‘अगं, जारमध्ये आहे ना पाणी?’’

‘‘असू द्या वन्स. मामा येतील मळ्यातून, त्यांना लागंल. पोरांना लागंल.’’

‘‘आणि तुला?’’

वहिनी हसली. ‘‘मला सवय झालीय.’’

मग हळूच म्हणाली, ‘‘डॉक्टरनं बी.पी. काढलंय वन्स. मीठ कमी करा म्हनले. भाजीतलं केलं कमी. पापड-लोणचं सोडलं. पर ह्या पेल्यातलं कसं कमी करू?’’

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं मला घरी येईपर्यंत सोडलं नाही. घरातलं गोडं पाणी आधी पाहुण्यांना, मग पुरुषांना, मग मुलांना, आणि उरलं तर बाईला. शिळ्या भाकरीसारखंच.

पेल्यातला चमचा

वहिनी दहावी नापास. पण गावात पाणी तपासायचं ते तीच. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं, त्यात गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं असं ठरलं. त्या पाचांतली एक आमची वहिनी. परकर-पोलक्याच्या कपाटात तिनं ते किट जपून ठेवलंय. त्याच्याबरोबर एक पेनासारखं मीटरही आहे, बचत गटानं घेतलेलं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत, तो आकडा. त्यालाच टीडीएस म्हणतात.

बोअरचा आकडा आला २४००. म्हणजे लिटरमागे २४०० मिलिग्रॅम, आपल्या भाषेत जवळजवळ अडीच ग्रॅम क्षार. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० पर्यंत असावा. दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. वहिनी दिवसाला तीन लिटर पाणी पीत असेल, तर सात ग्रॅम क्षार पोटात जातात. ओतून ठेवले तर एक चमचा भरून वर थोडेसे. ते सगळं खायचं मीठ नसतं. त्यात चुना, मॅग्नेशियम, खतातून आलेलं नायट्रेट असं बरंच काही असतं. पण मीठही असतंच.

‘‘गावात नळ आलाय ना?’’ मी विचारलं. आलाय. नळाला पाणी येतं ते साठवण तलावाचं, आणि तलाव भरतो कालव्याच्या आवर्तनावर. आवर्तन लांबलं की तलाव तळ गाठतो, आणि मग ज्याची त्याची बोअर.

मी विचारलं, ‘‘उकळून प्यायलीस तर?’’ माझं शहाणपण! वहिनी म्हणाली, ‘‘आमटी उकळली की खारट होती का आळणी?’’ मी गप्प. खरंच की! उकळल्यानं जंतू मरतात, पण मीठ जात नाही. पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, क्लोरिननं जंतू मरतात. मिठाला यांतलं काहीच लागू पडत नाही.

गच्चीवरचा कडप्पा

आणि तेव्हाच मला शाळेतला धडा आठवला. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस गोडा पडतो. म्हटलं, वरुणराजा करतो ते आपण गच्चीवर करून बघू.

पहिला प्रयोग फसला. पत्र्याच्या ट्रेला काळा ऑइलपेंट लावला, वर काच ठेवली. पाणी मिळालं, पण त्याला रंगाचा असा वास की झाडालाही घालवेना. मग ओट्याच्या कामातून उरलेला काळा कडप्पा वापरला. गवंड्याकडून एक मीटर लांब, एक मीटर रुंद असं उथळ हौद केलं, सांधे बुजवून घेतले. आत दोन बोटं पाणी. वर तिरकी काच, आपल्या भागात ती दक्षिणेकडे उतरती ठेवायची. काचेच्या आतून थेंब ओघळतात, खालच्या कडेला उभ्या चिरलेल्या पाइपची पन्हाळ, तिथून नळीनं बरणीत.

मे महिन्याच्या उन्हात दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी मिळालं. ढगाळ दिवशी जेमतेम लिटरभर. मीटर लावलं तर आकडा नावापुरता. सासूबाईंना मोठ्या अभिमानानं पेलाभर दिलं. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, ‘‘हे पाणी नव्हे गं, नुसतं ओलं आहे.’’ बरोबरच आहे. क्षार सगळे गेले की चवही जाते. मग त्यात थोडं नळाचं पाणी मिसळलं, तेव्हा त्यांनी पसंतीची मान हलवली.

ही युक्ती काही माझी नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, लास सालिनास या ठिकाणी १८७२ साली चार्ल्स विल्सन नावाच्या इंजिनिअरनं अशीच काचेची वाफारी उभी केली होती. सोऱ्याच्या खाणीवरच्या माणसांना आणि खेचरांना प्यायला पाणी हवं होतं. दिवसाला वीस हजार लिटरच्या वर पाणी मिळायचं, आणि तो कारखाना सुमारे चाळीस वर्षं चालला. फक्त त्याला काच लागली हजारो चौरस मीटर.

आणि अडचण इथेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागते. आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात पाच-सहा युनिट ऊन पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं. म्हणून तीन लिटरच्या वर मजल जात नाही. पिण्याला नि स्वयंपाकाला वीस लिटर लागणाऱ्या घराला सहा-सात अशी हौदं हवीत. एका आजारी माणसापुरतं ठीक. गावाला नाही पुरायचं.

आठव्या दिवशी हौद कोरडं पडलं. तळाशी पांढरा थर साचला होता. उलथन्यानं खरवडला, तर मूठभर भरला. तो तळहातावर घेतला आणि मला एकदम ओळख पटली. हा थर मी पाहिलाय. लहानपणापासून पाहिलाय. आमच्या खालच्या रानात!

तेच ऊन, तेच मीठ

आमचं खालचं रान दीड एकराचं. माझ्या आजोबांच्या वेळी तिथं ऊस मावत नसे म्हणतात. मी शाळेत असताना तिथं पिकं पिवळी पडायला लागली. नंतर बी उगवेना. उन्हाळ्यात बघावं तर सगळं रान पांढरं, कुणी पीठ सांडल्यासारखं. अण्णा म्हणायचे, ‘‘रान फुललं.’’ फुललं म्हणजे मेलं.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, साखर कारखाने आले, आमच्या भागाचं सोनं झालं. ते कोण नाकारील? पण आमची जमीन काळी, खोल, चिकट. तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. पाटाचं पाणी भरपूर, म्हणून दिलंही भरपूर. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर वर आली. खालचे क्षार त्याच्याबरोबर वर आले. वातीतून तेल चढतं तसं ते पाणी मातीतून वर चढलं. वर आल्यावर उन्हानं पाणी नेलं आणि मीठ तिथंच ठेवलं.

म्हणजे बघा, माझ्या गच्चीवरच्या हौदात जे झालं, तेच आमच्या रानात चाळीस वर्षं होत आलं. ऊन तेच, मीठ तेच. गच्चीवर मी वाफ धरून ठेवली, म्हणून मला पाणी मिळालं. रानात वाफ उडून गेली नि आम्हाला मीठ मिळालं. तेच मीठ झिरपून विहिरींत, बोअरमध्ये गेलं.

सगळीकडचं खारं पाणी माणसानंच केलंय असं नाही. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथलं जमिनीतलं पाणी मुळातच खारं. आमचं मात्र बरंचसं आमच्या हातचं.

फुकट आलेलं मशीन

मशीन आमच्या गावानं एकदा पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आरओ बसवून दिलं. नारळ फुटला, फोटो निघाले. पाच रुपयांत वीस लिटर पाणी. बायकांच्या डोक्यावरचं ओझं खरंच उतरलं.

आरओ म्हणजे काय, तर आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट उलटी केलेली. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. पाणी मिठाकडे धावतं, हा त्याचा स्वभाव. आरओमध्ये पंपानं जोर लावून ते उलट्या दिशेला ढकलतात, एका फार बारीक पापुद्र्यातून. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. त्या पापुद्र्यालाच मेम्ब्रेन म्हणतात. वाफ करण्यापेक्षा याला वीज फारच कमी लागते. आमच्या बोअरसारख्या पाण्याला हजार लिटरमागे एक ते तीन युनिट. हजार लिटरची वाफच करायची तर साडेसहाशे युनिट लागतील!

पण ते मशीन दीड वर्षात बंद पडलं. बिल थकलं. मेम्ब्रेन चुन्यानं चोंदलं. ते बदलायचे पैसे कुणी द्यायचे, ठरलेलं नव्हतं. किल्ली कुणाकडे, तेही शेवटी कळेना.

मग यंदा नवा प्रस्ताव आला, सौर आरओचा. छपरावर पॅनल, बिलाची कटकट नाही. कल्पना चांगली आहे आणि ती चालते. राजस्थानात सांभर सरोवराजवळच्या कोटडी गावात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं २००६ सालीच सौरऊर्जेवरचं आरओ उभारलं, भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेच्या मदतीनं. हेच ते कॉलेज, जिथं निरक्षर आज्या सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात.

आमच्या वस्तीचे दोनशे उंबरे. घरटी वीस लिटर धरले तर दिवसाला चार हजार लिटर गोडं पाणी. तीनेक किलोवॉटच्या पॅनलवर ते होऊन जातं. दादा खूश. ‘‘फुकट येतंय, सह्या करा नि मोकळ्या व्हा,’’ म्हणाला.

प्रस्ताव समजावायला आलेले साहेब शाळेच्या वऱ्हांड्यात बोलत होते. बचत गटाच्या बायका खाली बसल्या होत्या. मीही होते. सगळं सांगून झाल्यावर वहिनी पदर सावरत उठली.

‘‘साहेब, मीठ जातं कुठं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पाण्यातून काढलेलं मीठ. मागल्या मशीनचं खारं पाणी चारीनं सोडलं, ते म्हसोबाजवळच्या आडात गेलं. त्या आडाच्या पाण्यात आमची डाळ शिजायची. आता शिजत नाही. मी मीटर लावून पाहिलंय. बोअरपेक्षा खारं झालंय ते.’’

वऱ्हांड्यात कुणी बोलेना.

मी घरी येऊन हिशेब मांडला. मशीन निम्मं पाणी गोडं करून देतं, निम्मं जास्त खारं होऊन बाहेर पडतं. चार हजार लिटर गोडं हवं तर आठ हजार लिटर उपसायचं. त्यात क्षार किती? दिवसाला एकोणीस किलो. वर्षाचे झाले सुमारे सात टन. समुद्राकाठच्या गावाला समुद्र आहे. आम्हाला काय आहे? आड, ओढा आणि रान. मशीन नवं, वीज सूर्याची, आणि मीठ पुन्हा आमच्याच पाण्यात. म्हणजे दहा वर्षांनी आणखी मोठं मशीन!

यावर उपाय नाही असं नाही. खारं पाणी शेततळ्याचा कागद अंथरलेल्या उथळ तळ्यात सोडायचं, उन्हानं आटवायचं, खाली बसलेलं मीठ काढून बाजूला ठेवायचं. म्हणजे पुन्हा सूर्यच. पण त्याला जागा लागते. पाऊस वजा धरून माझ्या अंदाजानं दहा गुंठे तरी.

‘‘दहा गुंठे कोण देणार?’’ दादा म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘खालचं रान आहे की. मेलेलंच आहे. कागद घाला नि द्या गावाला.’’

दादा उठून बाहेर गेला. वडिलोपार्जित रान मेलेलं असलं तरी ते द्यायचं म्हणजे जीव तुटतोच. माझाही तुटला, खोटं कशाला सांगू?

सही अजून केलेली नाही

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती झाली. बायकांनी सांगितलं, मशीन हवं आहे. नक्की हवं आहे. पण तीन गोष्टी कागदावर हव्यात. खाऱ्या पाण्याचं तळं आधी, मशीन नंतर. पाण्याच्या पैशांतून मेम्ब्रेनसाठी दर महिन्याला वेगळी रक्कम, गटाच्या खात्यात. आणि किल्ली बायकांकडे.

तोवर वहिनीनं आपल्यापुरतं एक काम केलं. घराच्या पुढच्या पत्र्याला पन्हाळ लावून घेतली. वीस चौरस मीटर पत्रा, पाचशे मिलिमीटर पाऊस. थोडं वाया गेलेलं धरूनही आठ हजार लिटर होतात. रोज वीस लिटर वापरले तर वर्ष निघेल एवढं पाणी! तेवढी टाकी घेण्याची ऐपत नाही, म्हणून सध्या दोन हजार लिटरची झाकणाची टाकी. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग साठवायचं. तीन-साडेतीन महिने तरी तिच्या पेल्यात गोडं पाणी पडतंय. भाजीत चिमूटभर मीठ घालायची आता भीती वाटत नाही, असं म्हणाली. मी म्हटलं, ‘‘ते डॉक्टरांना विचारून घाल बाई!’’

आणि मुळावरचा उपाय? तो रानातच आहे. उसाला ठिबक, गरजेपुरतंच पाणी, आणि पाणथळ रानात जमिनीखालून निचऱ्याचे सच्छिद्र पाइप. आपल्या जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. ते गाव दुष्काळी, आमचं पाटपाण्याचं. पण हिशेब दोघांनाही चुकत नाही.

परवा वहिनीचा फोन आला. दादा खालच्या रानात टेप घेऊन गेला होता म्हणे. ‘‘काय मोजत होते ते सांगितलं न्हाई. मीबी विचारलं न्हाई.’’ आणि मग दोघीही फोनवर हसलो.

घरच्या घरी एवढं करा

• पाणी खारट लागत असेल, डाळ शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल तर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते. गावात किट कुणाकडे आहे, तेही विचारा.

• टीडीएस मीटर फक्त क्षार दाखवतं. जंतू किंवा नायट्रेट वेगळे कळत नाहीत. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं समजू नका.

• दारावर आलेला विक्रेता पाण्यात विजेच्या कांड्या घालून पाणी पिवळं-काळं करून दाखवतो, त्याला भुलू नका. तो रंग त्या लोखंडी कांडीचा असतो.

• घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेट मुद्दाम तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळल्यानं ते जात नाही.

• आरओतून बाहेर पडणारं पाणी विहिरीजवळ किंवा शोषखड्ड्यात सोडू नका.

• घरात बी.पी.चं माणूस असेल तर गोडं पाणी आधी त्याला. ते माणूस तुम्ही असाल, तर आधी तुम्हाला.